जोडीतला आतला टायर

समजा, सकाळचे सहा वाजलेत. तुमचा दहा टायरचा ट्रक धानाच्या पोत्यांनी भरून उभा आहे आणि निघण्याआधी तुम्हाला हवा तपासायची आहे. पुढचे दोन टायर सोपे. मागे मात्र चार जोड्या, म्हणजे आठ टायर. जोडीतला बाहेरचा टायर सरळ दिसतो. आतला अर्धामुर्धा दिसतो, आणि तो फसवतो. त्याची सगळी हवा गेली तरी तो खाली बसत नाही, कारण त्याचं ओझं शेजारचा टायर उचलून धरतो. लांबून बघा, दोघेही सारखेच उभे. म्हणून तुम्ही टॉमी घ्या, चाक खोलायची ती लोखंडी सळई, आणि आतल्या टायरवर एक ठोका द्या. हवा असेल तर टॉमी उसळते आणि टण्ण वाजतं. हवा नसेल तर भद्. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखं.

आता असं समजा, की तुम्ही ठोका दिला आणि काहीच आवाज आला नाही. टण्ण नाही, भद् नाही.

मुखरूभाऊंचं तसं झालं होतं. आणि आपल्या कानांची ही गोष्ट त्यांनी दोन वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

मुखरूभाऊ गोंडपिपरीचे. वय एकसष्ट. ट्रक एकच, मालक तेच आणि ड्रायव्हरही तेच. सिरोंच्यातून धान भरायचं आणि मूलच्या राइस मिलमध्ये उतरवायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. त्याआधी अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर. जुन्या गाड्यांमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या गुडघ्याशीच असायचं. तेहतीस वर्षं तो घरघराट एका बाजूने आणि उघड्या खिडकीचा वारा दुसऱ्या बाजूने. क्लीनर त्यांनी सहा वर्षांपूर्वीच सोडला. शेजारच्या सीटवर पाण्याची कॅन, स्टोव्ह, गुंडाळलेली सतरंजी आणि कांद्यांची पिशवी. त्या सीटवर माणूस बसल्याचं मी कधी बघितलं नाही.

माझं दुकान गोंडपिपरीतच, आष्टी रोडवर आहे. चंद्रपूरला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि दहा बाय बाराच्या गाळ्यात वायरिंग, बॅटऱ्या, जीपीएस बसवायचं काम सुरू केलं. टायरला ठोका कसा द्यायचा हे मला कॉलेजात नाही, मुखरूभाऊंनी शिकवलं. सेन्सरचं नाव काढलं की ते हसायचे.

"माह्या कानात फुकटचं मीटर हाये, इंजिनेर. त्याले सेल नाई लागत."

"भाऊ, पण चालत्या गाडीत ठोका कसा देसान?"

"चालत्या गाडीत तुले तरी कोण ठोका देऊ देते?"

दुकानात बसलेले सगळे हसायचे, मीही हसायचो. पण हा मुद्दा मी सोडला नव्हता, कारण तो खरा आहे. ठोका गाडी उभी असतानाच देता येतो. खिळा रस्त्यात लागतो. म्हणून एक दिवस मुखरूभाऊ स्वतःहून आले आणि "बसवून दे ते तुहे सेन्सर, दहाच्या दहा" म्हणाले, तेव्हा मला वाटलं, आपण जिंकलो. पुढे वर्षभर प्रत्येक ट्रकमालकाला मी सांगत होतो, मुखरूभाऊंनीसुद्धा लावले, तुम्ही काय थांबले?

बसवताना मी त्यांना सगळं समजावलं. सेन्सर म्हणजे टायरच्या व्हॉल्व्हवर, टोपणाच्या जागी बसणारी बटणाएवढी डबी. तो हवेचा दाब मोजतो आणि ड्रायव्हरसमोरच्या छोट्या पडद्यावर पाठवतो. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही, म्हणून तिथे नळी लावून तो बाहेर काढावा लागतो, आणि ती नळी पट्टीने घट्ट बांधावी लागते, नाहीतर हलून हलून तिथूनच हवा जाते. दाब टायर थंड असतानाच ठरवायचा. पन्नास किलोमीटर चालल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा घाबरून हवा सोडायची नाही. आपल्याकडे ही चूक फार होते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी हवा कमी करतात आणि सकाळी तोच टायर भुकेला राहतो.

मग मी एक काम केलं. पडद्याचा उजेड अगदी कमी केला आणि पडदा खाली, गिअरजवळ लावला. गाडी चालवणाऱ्याने सारखं आकडे बघू नये म्हणून. दाब पडला की पडद्याचा डबा वाजणारच होता, पीप पीप पीप, गाडी थांबवेपर्यंत.

"डोळे रस्त्यावर, कान डब्यावर," मी म्हणालो.

"हो हो," मुखरूभाऊ म्हणाले.

त्यानंतरही ते रोज सकाळी टायर ठोकत. फक्त एक बदल मी बघितला. ठोका देताना दुसरा हात ते टायरवर ठेवत, तळवा पूर्ण पसरून. मला वाटलं, ही जुन्या माणसाची नवी काही युक्ती असेल.

या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते सिरोंच्याहून भरलेली गाडी घेऊन निघाले. सकाळची वेळ. मोहफुलं पडायचे दिवस, त्यामुळे रस्त्याकडेच्या प्रत्येक मोठ्या झाडाखाली बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. जिमलगट्टा मागे पडलं. रेपनपल्ली यायच्या आधी एक बाई टोपली टाकून धावत रस्त्याच्या मधोमध आली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. मुखरूभाऊंनी ब्रेक मारला. ते उतरायच्या आधीच ती खिडकीखाली येऊन बोलू लागली आणि मागे बोट दाखवू लागली. मागच्या डाव्या जोडीतून धूर निघत होता. आतला टायर.

त्या बाईचं नाव नीलाबाई. हे नाव त्यांनी नंतर, परतीच्या खेपेत, त्याच झाडाखाली थांबून विचारून घेतलं. ती नसती तर पुढच्या दहा मिनिटांत टायर पेटला असता, मग लाकडी फळ्या, मग धान. मुखरूभाऊंनी तेव्हा केलं ते बरोबर केलं: गाडी सावलीत, वाळलेल्या पानांत नेली नाही, उघड्या डांबरावरच ठेवली, नीलाबाईला लांब उभं केलं आणि टायर निवेपर्यंत त्याच्या समोर गेले नाहीत. तापलेला टायर जवळ गेल्यावर फुटला तर माणूस वाचत नाही. हे प्रत्येक ट्रकवाल्याने पाठ करावं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानासमोर गाडी लावून उतरले आणि फाटलेल्या टायरचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला.

"तुहा डबा मुका हाये, इंजिनेर."

नळी मी बांधली होती, पडदा मी लावला होता. "वाजला नाई, भाऊ?"

"वाजला असता त मी इथी कायले आलो असतो? ते बाई सांगत होती, तेई गोंडीत. मले काई समजलं नाई. धूर दिसला म्हून समजलं."

मी केबिनमध्ये चढलो. हे यंत्र प्रत्येक इशारा वेळेसह साठवून ठेवतं. पडद्याचं बटण दाबत मागे गेलो. काल सकाळी सात बावन्नला डाव्या आतल्या टायरचा दाब पडल्याचा इशारा सुरू झाला होता. आठ तेहतीसला गाडी थांबवल्यावर तो बंद झाला होता.

एक्केचाळीस मिनिटं डबा वाजत होता.

तरीही मला वाटलं की आवाजाची वायर तुटली असेल. मुखरूभाऊ ड्रायव्हरच्या सीटवर बसले, मी कांद्यांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी. चाचणीचं बटण दाबलं. डबा वाजला. बंद केबिनमध्ये तो असा वाजला की समोरच्या टपरीवरच्या दोघांनी वळून बघितलं.

मुखरूभाऊ डब्याकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हं," ते म्हणाले, "आता वाजन का?"

डबा वाजतच होता. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी हात पुढे करून पडद्यावर बोट ठेवलं, जसं टायरवर ठेवत तसं, आणि ती थरथर त्यांच्या बोटाला लागली असावी. त्यांनी बोट तिथेच ठेवलं. मी बटण बंद केल्यावर उचललं.

मग ते म्हणाले, "बारीक आवाज नाई येत मले. मोठा येते. हॉर्न येते. तू जवळून बोलला त येते."

"कवापासून?"

"सेन्सर बसवले त्याच्या आंधीपासून. म्हून त बसवले."

आणि मी वर्षभर गावात सांगत फिरलो होतो की त्यांना माझा मुद्दा पटला.

"एक दिवा लावून दे," ते म्हणाले. "लाल, मोठा. डब्याच्या वायरले जोडून दे. वाजला का पेटला पायजे. काम झालं."

तांत्रिकदृष्ट्या अर्ध्या तासाचं काम होतं. माझ्याकडे दिवा होता, वायर होती. पण मागून येणाऱ्या गाडीच्या हॉर्नचं काय, वळणावर पलीकडून ओरडणाऱ्या माणसाचं काय?

"भाऊ, दिवा लावतो. पण आंधी चंद्रपूरले जाऊन कान तपासून घ्या."

"कान माहे, गाडी माही."

"रस्ता त तुमचा एकट्याचा नाई ना."

मग सीटच्या फाटलेल्या रेक्झिनमधून स्पंज उपसत म्हणाले, "तपासलं त कागद होते. कागद झाला त लायसन घेतीन. मंग मी घरी बसून काय करू? घरी लोक बोलतात, प्रवीण. नातू बोलते, शेजारी बोलतात, मी पाह्यत राह्यतो. गाडीत कोण बोलते? गाडीत मी बहिरा नाई."

मी दिवा लावला नाही. ते खाली उतरले, तुकडा टेबलावरून उचलला आणि निघून गेले.

त्यांच्या ट्रकचा जीपीएसही मीच बसवलेला. कोणती गाडी कुठे आहे ते माझ्या मोबाइलवर ठिपक्याने दिसतं. कोणाचं यंत्र बंद पडलं तर कळावं म्हणून ही सोय. त्या दिवसापासून मी मुखरूभाऊंचा ठिपका बघत होतो. तो सिरोंच्याकडे गेला नाही, मूलकडे गेला नाही. गोंडपिपरीच्या नकाशावर, त्यांच्या घरामागच्या बोडीजवळ, म्हणजे छोट्या तळ्याजवळ, तो थांबला तो थांबलाच. बाकीचे ठिपके अहेरी, चामोर्शी, राजुरा असे हिंडत होते. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, हे मला माहीत होतं. पण त्या निमित्ताने जाण्याचं धाडस होत नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी गेलो. मुखरूभाऊ रिकाम्या गाडीचे टायर ठोकत होते. एका हातात टॉमी, दुसरा तळवा रबरावर. दहाही टायर झाले की परत पहिल्यापासून. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा ते दचकले.

"बॅटरी पाह्यले आलो," मी म्हणालो, मोठ्याने.

"वरडू नको. शेजारी आयकतात," ते म्हणाले. मग टॉमी खाली ठेवून, "बस कवा हाये चंद्रपूरची?"

डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले आणि आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. मी बाहेरून बघत होतो. सुरुवातीला ते डॉक्टरांचा हात बघून बोट वर करत होते. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. मग मुखरूभाऊ भिंतीकडे तोंड करून, गुडघ्यावर मूठ ठेवून बसले. फार वेळ बोट वर झालं नाही.

दोन्ही कानांत मशीन लागलं. महिनाभर वापरा, परत या, मग गाडीचं बघू, असं डॉक्टर म्हणाले. त्या महिन्यात ते तीन-चारदा दुकानावर आले. एकदा म्हणाले, इंडिकेटर टिकटिक करतो हे विसरलोच होतो. एकदा म्हणाले, पंख्याचा आवाज डोकं खातो. मशीन सुरुवातीला सगळेच आवाज सारखे आणून ओततं, कानाला निवडायची सवय लागायला वेळ जातो, हे मी वाचून ठेवलं होतं, तेच सांगितलं. मशीनला घाम लागू देऊ नका, सेल बदलायला तो उतरल्याची शिट्टी वाजेपर्यंत थांबू नका, जास्तीचे दोन सेल खिशात ठेवा. मे महिन्याच्या शेवटी डॉक्टरांनी परत तपासलं आणि मशीन लावूनच गाडी चालवायची, दर सहा महिन्यांनी यायचं, असं लिहून दिलं. त्याच संध्याकाळी मी लाल दिवा लावला. पडदाही खालून काढून त्यांच्या डोळ्यांसमोर घेतला. तो तिथे आधीपासूनच असायला हवा होता. माझं चुकलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. तेव्हापासून कोणाच्याही गाडीत काही बसवण्याआधी मी त्या माणसाला सीटवर बसवतो, डबा वाजवतो आणि काय दिसतं, काय ऐकू येतं ते विचारतो.

सिरोंच्यात उन्हाळी धान निघालं होतं. मुखरूभाऊंच्या दोन खेपा झाल्या. तिसरीच्या आधी ते दुपारी दुकानावर आले आणि गाडीच्या पायरीवर बसले. मला वाटलं मशीनचं काही असेल. मी दुकानातून खाली उतरून त्यांच्याशेजारी बसलो.

"सुगंधा फोन करते मले," ते म्हणाले. सुगंधाबाई म्हणजे त्यांची बायको. "रोज. मी रेपनपल्लीले चहाले थांबतो, तिथी नेटवर्क राह्यते म्हून."

"बरं."

"दोन वर्षं मले काई आयकू नाई आलं. फोनमदी त मुळीच नाई. मी कानाले लावत होतो आन् मधीमधी हो, हो म्हणत होतो. ते बोलत राह्ये. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मले वाटे, इले समजलं नाई, बरं झालं."

त्यांनी कानातलं मशीन काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं.

"आता आयकू येते. पह्यल्या खेपेले फोन आला. जेवले का? कुठी हाये? बरं. ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. जेवले का, कुठी हाये, बरं. एक मिनिटबी नाई, प्रवीण. मंग घरी गेल्यावर इचारलं. तांदूळ निवडत होती. म्हटलं, दोन वर्षं तू पंधरा-पंधरा मिनिटं बोले, आता काऊन नाई बोलत? त म्हणते कशी, तवा तुमाले आयकू येत नोतं."

"त्यांना माहीत होतं?"

"मीबी तेच इचारलं. त म्हणे, मले नाई मालूम होईन त कोणाले होईन?"

समोरून एक बस गेली. तिचा हॉर्न ऐकून त्यांनी डोळे मिटले. मशीनमध्ये मोठा आवाज अजून टोचायचा.

"म्हटलं, मंग कोणासंग बोले तू? त म्हणे, तुमच्याचसंग. म्हटलं, काय बोले? त म्हणे, झालं आता बोलून. आन् सूप घेऊन आत गेली."

त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "तू शिकेल हायेस. यात राह्यत असन ना कुठी. काढून दे."

मी फोन घेतला. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघितलं. जुन्या कॉलची यादी होती. तारीख, वेळ, किती मिनिटं. चौदा. अकरा. सतरा. बारा. बोट सरकवत मी खाली गेलो, यादी संपतच नव्हती. एका ठिकाणी सव्वीस मिनिटं होती, गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्या दिवशी काय झालं होतं, मी विचारलं. त्यांना आठवलं नाही. चहा घेत होतो, म्हणाले.

"भाऊ, किती वेळ बोलल्या ते राह्यते यात. काय बोलल्या ते नाई राह्यत."

"कंपनीले मांगितलं त?"

"त्याइच्याकडे बी नाई राह्यत."

त्यांनी फोन परत घेतला, सव्वीस मिनिटांच्या त्या ओळीवर अंगठा ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "प्रवीण, जे मले आयकू येत असताना सांगता येत नाई, असं काय सांगत असन ते?"